मुक्या पट्ट्या

बाजाची उजवीकडच्या टोकाची पट्टी दाबली आणि नुसती टक् झाली. आत कुठंतरी लाकूड लाकडावर बसावं तशी. मी बोट उचललं, पुन्हा दाबलं. टक्. तिच्या डावीकडची दाबली, तीही तशीच. मग काळी, पांढरी, पुन्हा काळी. दुकानातला पंखा किरकिरत होता, बाहेर दोन रिक्षावाले एकमेकांचा उद्धार करत होते, ते सगळं नीट ऐकू येत होतं. बिडकीनच्या बाजारात माझा बाप मेंढीचा जबडा उघडून दात बघायचा, जबडा सोडून द्यायचा आणि विकणाऱ्याकडं न बघता भलतीकडंच बघत बोलायचा. मीही तसाच सरळ उभा राहिलो, समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणालो, “ख्वाजाभाई, ह्याचे वरचे दात गेलेत. मग आता भावाचं बघा.”

ख्वाजाभाईला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. गल्ल्यामागून उठून आला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्याच टोकाच्या पट्टीवर करंगळी ठेवली. “बज रहा ना चचा. ये लो. साफ बज रहा, काच के माफिक. ऐसा नक्को बोलो.” मी त्याच्या करंगळीकडं बघत राहिलो. ती खाली जात होती, वर येत होती. “कुठं वाजतंय?” मी विचारलं. तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, लक्ष्मीकडं बघितलं. लक्ष्मी माझी सून. टेप घेऊन ती त्या बाजाची लांबी मोजत होती, कारण घरातलं शोकेस हलवल्याशिवाय हे धूड आत यायचं नाही, असं तिनं दुकानात शिरतानाच सांगून टाकलं होतं. टेप तिच्या हातातून सुटली आणि सरसर गुंडाळली गेली. “वाजतंय, आप्पा,” ती म्हणाली. नेहमी बोलते तशीच म्हणाली. जरा मोठ्यानं, जरा सावकाश, तोंड माझ्याकडं करून. ती नेहमी अशी का बोलते, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

संक्रांत नुकतीच झाली होती. विद्यापीठाच्या नावाचा निकाल त्याच दिवशी लागला होता आणि आमच्या उस्मानपुऱ्याच्या चौकात पोलिसांची गाडी अजून उभी होती. पहिले काही दिवस पोलीस काठ्या धरून उभे असायचे, आता ते टपावर डहाळे टाकून हरभरे सोलून खात होते. तेवढ्यात करमाडहून रामकिसनचा, माझ्या कंपनीतल्या जुन्या सोबत्याचा, निरोप आला, की पेटी न्यायला येतो. पेटी त्याचीच. सोळा वर्षं माझ्या घरात होती. तिच्यावर मी आधी गल्लीतल्या, मग गल्लीबाहेरच्या पोरापोरींना सा रे ग म शिकवत आलो होतो. कंपनी सुटल्यापासून तर तेवढाच उद्योग राहिला होता. संध्याकाळी दारात लहान चपलांचा ढीग पडला, की मी गुरुजी. नाही पडला, की ओट्यावर बसलेला एक म्हातारा. पेटी जाणार म्हणजे दुसरं काहीतरी घ्यायलाच हवं. मी म्हणालो, दुसरी पेटी घेऊ. लक्ष्मी म्हणाली, “पोरांच्या आया कॅसिओ हाय का म्हणून विचारायल्यात, आप्पा. पेटी म्हणलं की त्यांना भजन वाटतंय.” माझा मुलगा पुंजाराम वाळूजच्या कंपनीतून आला होता, तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, “घ्या की. लाईट गेली की पोरं घरी जातील, तुम्हालाबी आराम.” म्हणून आम्ही ख्वाजाभाईच्या दुकानात होतो.

दुकानात निवडण्यासारखे दोनच बाजे होते. एक लहान, प्लास्टिकचा, काखेत मारून नेता येईल असा. त्यात ढोलकी होती, तबला होता, बटण दाबलं की आपोआप ठेका सुरू व्हायचा. दुसरा मोठा, चार पायांवर उभा. मुंबईहून कुण्या परदेशी इंजिनिअरनं मागवला होता, इथल्या कारखान्यात त्याचं काम लवकर संपलं आणि तो हा ठेवून गेला. ख्वाजाभाई त्याला ‘डिजिटल पियानो’ म्हणायचा, प्रत्येक अक्षर सुटं करून, एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. लहान्याची पट्टी कशीही दाबा, हळू दाबा, बुक्की मारा, आवाज एकच यायचा. सरकारी कारकुनासारखा, माणूस बघून न बदलणारा, किंवा कुणाकडंच न बघणारा. मोठ्याचं तसं नव्हतं. त्याच्या पट्ट्या जड होत्या. बोट टेकवलं तर तो कुजबुजायचा, जोर दिला तर बोलायचा. आत वीज होती, भाता नव्हता, पेटीतले पितळी सूर नव्हते, तार नव्हती, तरी माझ्या बोटाचा जोर त्याला कळत होता. हे कसं कळतं, हे मी ख्वाजाभाईला दोनदा विचारलं. तो म्हणाला, “अंदर सब हिसाब है चचा.” मला ते पटलं नाही, पण आवडलं. तिथून बोट उजवीकडं नेत नेत मी त्या टोकापर्यंत आलो होतो.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली, घरी, जेवताना. दुकानात आधी आलं ते कुतूहल. नक्की कुठं संपतंय, हे बघावंसं वाटलं. मी ख्वाजाभाईला म्हणालो, “तुम्ही डावीकडनं एकेक दाबत चला, मी भिंतीकडं तोंड करतो. ऐकू आलं की बोट वर करीन.” लक्ष्मी म्हणाली, “आप्पा, ऱ्हाऊ द्या, लोकं बघायलेत.” मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर बाजांच्या रंगीत चित्रांचं कॅलेंडर होतं. मागून खालचे सूर आले, पोटात घुमणारे, मग पेटीतले सगळे ओळखीचे, मग पेटीच्याही वरचे, जिथं माझी पेटी कधी गेलीच नव्हती. मी बोट वर करत होतो. वरचा सा आला, रे आला, ग आला. म जरा बारीक झाला, जसा डोंगराच्या पलीकडच्या उताराला लागलेला कळप आधी दिसेनासा होतो आणि नुसती धूळ राहते. प आला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला तो आल्यासारखा वाटला. माझं बोट अर्धं वर गेलं. मग पंखा, रिक्षा, आणि टक्. टक्. मी वाट बघत उभा राहिलो. मागून ख्वाजाभाईचा आवाज आला, हळू, पण तो बरोबर ऐकू आला: “हो गया चचा. खतम हो गया.”

कळपात पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात बाप घंटी बांधायचा, आणि लहान कोकराच्या गळ्यात घुंगूर. घंटी वाजते म्हणजे कळप चालतोय. घुंगूर वाजतंय म्हणजे कोकरू जिवंत आहे. संध्याकाळी पाण्यावरून परतताना बाप मागं वळून बघायचा नाही, नुसता कान देऊन चालायचा. एकदा म्हणाला, “भिकन, ते पांढऱ्या कानाचं ऱ्हायलं माघारी.” मी परत गेलो तर ते खरंच बोरीच्या काट्यात अडकलं होतं. एवढा मोठा कळप, एवढ्या गळ्यांतून एवढे आवाज, आणि बापाला न वाजणारं एक ऐकू यायचं. दुकानातून बाहेर पडताना मला वाटलं, बाप आज असता तर त्यानं माझ्याकडं वळून न बघता सांगितलं असतं, ह्याच्यातलं काहीतरी माघारी राहिलंय. कुठं राहिलं, ते शोधायला फार लांब जायचं नव्हतं. चिकलठाण्याच्या कंपनीत, प्रेस शॉपमध्ये. दुष्काळानं मेंढ्या गेल्या आणि मी पत्रा दाबायला लागलो. दिवसभर मशिनीचा दणका, पत्र्याचा किंचाळा, डायचा ठोका. पहिल्या आठवड्यात घरी आलो तर बायको म्हाळसा माझ्याशी बोलतेय आणि मला तिचे नुसते ओठ दिसतायत. मग सवय झाली. आम्ही सगळे त्या दणक्याला हसायचो. कान दुखतात म्हणणारा माणूस आमच्यात बायकी ठरायचा.

रामकिसन एकटा कानात बोळे घालायचा. तेलात भिजवलेला कापूस, दोन्ही कानांत, रोज मशिनीवर उभं राहायच्या आधी. पोरं त्याला नवरी म्हणायची. तो म्हणायचा, “म्हणा. माझं पोट हातावर न्हाय, कानावर हाय.” त्याची गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, गावोगाव जाऊन गायचा. त्यानं मलाही बोळे देऊ केले. मी ते कानाला लावून बघितले आणि खिशात टाकले, खिशातून ते कुठं गेले देवाला ठाऊक. पण त्याच्या खोलीवर जायला लागलो. पहिली पाळी सुटली की दुपारी तो पेटी काढायचा. मी मेंढ्यांच्या मागं गायलेला माणूस, मला गळा होता, सूर कुठं राहतात ते माहीत नव्हतं. पगाराच्या कागदावर मी अंगठा उठवतो हे त्याला कळलं, तेव्हा तो म्हणाला, “अंगठा कागदावर नको. पट्टीवर ठेव.” आणि त्यानं कागदाचे चौकोन कापले, त्यावर अक्षरं काढली, पिठाची खळ लावून प्रत्येक पट्टीवर एक चिकटवलं. सा रे ग म प ध नी. चाळिशीला आलेला मी, एवढ्याच अक्षरांवर कितीतरी महिने जगलो. कंपनीतून चालत येताना पाट्या वाचायचो. पाटीवर जेवढी माझी अक्षरं, तेवढी वाजायची; बाकीची मुकी. मग एकेक मुकं अक्षर बोलायला लागलं. पण अजूनही पेपर वाचताना रे दिसला की तो मला जरा खालून आणि नी दिसला की जरा वरून ऐकू येतो. हे मी कुणाला सांगत नाही.

त्या पेटीच्या अगदी वरच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. आतले पितळी सूर तुटलेले. तरी त्यांच्यावरही रामकिसननं कागद चिकटवले होते. मी म्हणालो, “ह्या तर वाजतच न्हायत.” तो म्हणाला, “पट्टी हाय म्हणल्यावर अक्षर पायजेच.” शिकवताना तो त्या पट्ट्या दाबायचा, आतून नुसता वारा यायचा, आणि त्याच क्षणी रामकिसन तो सूर गळ्यातून काढायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की पेटीतूनच येतोय. हे सगळं मला तेव्हा, दुकानातून निघताना, आठवलं नव्हतं. नंतर आठवलं. माणसाला जे हवं असतं ते त्याला वेळेवर आठवत नाही. मेंढी जशी बोलावल्यावर येत नाही, आणि तुम्ही बसलात की मागून येऊन पाठीला तोंड लावते.

रिक्षा नको म्हणालो. लक्ष्मी शेजारून चालत होती, डाव्या बाजूनं. तेही मला त्याच दिवशी दिसलं, की ती नेहमी माझ्या डाव्या बाजूनं, बऱ्या कानाच्या बाजूनं चालते. दिवस मावळला होता, थंडी होती, चौकातल्या गाडीपाशी पोलिसांनी शेकोटीसाठी काटक्या गोळा केल्या होत्या. मी विचारलं, “लक्ष्मी, इथं रातकिडे हायत का?” ती थांबली. मी म्हणालो, “न्हाय, बिडकीनला लई असायचे. शहरात यायला लागलो तवा पयल्या पयल्या दिवसांत इथंबी असल्यासारखं वाटायचं. मग गेले. मला वाटलं कारखान्याच्या धुरानं गेले आसतील.” ती पुन्हा चालायला लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीवर फरशी आहे, तिथं आली तेव्हा म्हणाली, “हायत, आप्पा. रोज वरडतात. मोरीपाशी एक तर इतका वरडतो की ह्यांनी दोनदा गरम पाणी टाकलं.” मी फरशीवर उभा राहिलो आणि ऐकलं. काही नव्हतं. आणि ते काही नसणं इतकं ओळखीचं होतं की मी त्याला आजपर्यंत शहराची रात्र समजत होतो. “आत्ता वरडतोय का?” मी विचारलं. “हो,” ती म्हणाली. “कसा?” तिनं विचार केला. “तसाच की. किर्र.” मी हसलो. ती हसली नाही. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

घरी आल्यावर एकेक निघत गेलं. दारावर आधी चिमणीच्या आवाजाची बेल होती. मला वाटायचं ती बिघडली म्हणून पुंजारामनं बदलून घरघरणारी बसवली. ती बिघडलेली नव्हती. बातम्या ऐकताना टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचे तो माझ्यासाठी, आणि मी दर वेळी त्यांच्यावर ओरडायचो की बाईचं बोलणं एवढं पुटपुटतं का. पोरं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी माझी कितीतरी वर्षांची तक्रार होती. “मग कुणी सांगितलं का न्हाय?” मी विचारलं. पुंजारामनं ताटातली भाकरी मोडली. “काय सांगायचं, आप्पा? तुमचं शिकवणं चालू व्हतं. पेटीचं सगळं ऐकू येत व्हतं तुम्हाला.” हे खरं होतं. पेटी जिथं संपत होती, तिथपर्यंत माझा कान शाबूत होता. पेटी हे माझ्या कानाच्या मापाचं वाद्य होतं, आणि म्हणून मी जगाला पेटीच्या मापाचं समजत होतो. त्या जेवणात ती लाज आली. घास गिळताना आली. शिकवणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, ही गोष्ट पोरांच्या आयांना कळली तर दारातला चपलांचा ढीग किती दिवस राहील, हे मला दिसत होतं.

पुढचे काही दिवस मी क्लासात पोरांचे गळे ऐकत नव्हतो, तोंडं बघत होतो. वरच्या सा ला कुणाच्या भुवया जातात, कुणाची मान ताणते. एका पोरीला मी ‘स’ नीट म्हण, ‘स’ नीट म्हण असं वर्षभर सांगत आलो होतो; तो मलाच ऐकू येत नव्हता. त्या दिवशी काहीच बोललो नाही, तर ती सारखी माझ्याकडं बघायला लागली, की गुरुजी चुकीचं धरत का नाहीत. मी ठरवलं, लहानाच घ्यायचा. त्याच्या पट्ट्या पेटीच्या थोड्याच पुढं जात होत्या, माझ्या कानाच्या आत बसत होत्या. ठेका आहे, पोरं खूश, आया खूश, शोकेस हलवायला नको. कुणाला काही कळणार नाही. मोठ्याची आठवण यायची ती त्याच्या जड पट्ट्यांची, कुजबुजण्याची. आणि उजवीकडच्या त्या टोकाची, जिथं माझ्यासाठी टक् होतं आणि ख्वाजाभाईसाठी काच. काचेसारखा म्हणजे कसा? फुटलेल्या की न फुटलेल्या? हे विचारायचं राहिलंच. भाकरी खाताना, दाढी करताना, मी तेच घोळवत होतो. लक्ष्मीला सांगितलं, “लहाना घेऊ.” तिनं मान हलवली, पण टेप अजून शोकेसवर होती. तिनं ती उचलली नव्हती.

रामकिसन रविवारी सकाळी आला. केस पिंजलेल्या कापसासारखे पांढरे, गळ्यात निळा रुमाल. दारात उभा राहून त्यानं बेल वाजवली नाही, थेट दार ठोकलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं. “काय भिकनराव, पेटी इकली का हाय?” लक्ष्मीनं तिळगूळ आणला. संक्रांत उलटून गेली होती तरी आणला. मी म्हणालो, “झालं ना मनासारखं?” तो तिळगूळ चघळत राहिला. “आपण मागितलं नामांतर. त्यांनी दिला नामविस्तार. आर्धं ऐकलं, आर्धं न्हाय. सरकारनंबी प्रेस शॉपमधी नोकरी केली वाटतं.” मी इतका हसलो की मला ठसका लागला. तोही हसला, मग त्यानं डोळे रुमालानं पुसले. “तरीपण नाव लागलं, भिकन. पाटीवर लागलं. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं.”

पेटी माझ्याकडं कशी आली, ते आम्ही दोघांनी कधी बोलून काढलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. पेटी तेव्हा माझ्या घरी होती, उडालेले कागद पुन्हा चिकटवायला मी आणली होती. दंगलीत बंद राहिलेली कंपनी पुन्हा उघडली तेव्हा रामकिसन फाटकाशी उभा होता, दुसऱ्याचा सदरा घालून. गावातली त्यांची आळी जळाली होती. ढोलकी, खंजिऱ्या, पार्टीचे कपडे, पडदा, सगळं. मी म्हणालो, “पेटी हाय. घेऊन जा.” तो म्हणाला, “मोर्चात पेटी चालत न्हाय. ती बसून वाजवायची चीज हाय. बसायचे दिवस आले की नेईन. तवर वाजवत ऱ्हा, न्हायतर भाता कुजंल.” माझ्या चुलत्यानं तेव्हा घरात येऊन विचारलं होतं, कुणाची पेटी ठेवलीस? मी म्हणालो, माझ्या गुरुजींची. चुलता चहा न पिता उठून गेला. रामकिसन पुढं सोळा वर्षं उभ्यानं गात राहिला, रस्त्यावर, खंजिरीवर. मी बसून वाजवत राहिलो.

त्यानं पेटीवरची चादर काढली. कागदाची अक्षरं तशीच होती, कितव्यांदा तरी चिकटवलेली. आताची लक्ष्मीच्या हातची. त्यानं भाता सोडला आणि डावीकडून उजवीकडं एक बोट फिरवत गेला. पट्ट्या वाजत गेल्या. शेवटच्या दोनांपाशी आला, आणि जुन्या सवयीनं, बोट खाली जायच्या आधीच, त्याच्या गळ्यातून तो नी निघाला, वरचा सा निघाला. थकलेला गळा, कडांना फाटलेला, पण सूर जागच्या जागी. आणि खालून पेटीतूनही तोच निघाला. रामकिसन दचकला. भाता थांबला. “आं? हिला कंठ फुटला व्हय?” मी म्हणालो, “सूर बसवून घेतले. लई वर्षं झाली.” त्यानं पुन्हा पट्टी दाबली, कान वाकडा करून ऐकलं. “बरं केलंस,” तो म्हणाला, पण तसं त्याला वाटत नसावं. “मला आपलं तिथं आलं की गायाची सवय.” मला आठवलं, सूर बसवून आणले त्या दिवशी मलाही त्या दोन पट्ट्या परक्या वाटल्या होत्या. मी ऐकत आलो होतो तो नी रामकिसनचा होता. पेटीचा नी आला तेव्हा वाटलं, कुणीतरी त्याच्या जागेवर येऊन बसलंय.

पेटी आम्ही दोघांनी उचलून रिक्षात ठेवली. रामकिसन आत बसला, एक हात पेटीवर टाकला, जशी नवीन मेंढी बाजारातून आणताना मानेवर हात ठेवतात. म्हणाला, “मग तू आता कशावर शिकवणार?” मी म्हणालो, “घेतोय एक. पियानो. लई वरपर्यंत जातो. मला वरचं ऐकू येत न्हाय.” हे मी पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला सांगितलं. शेजारच्या ओट्यावर एका पोराची आई उभी होती, तिनंही ऐकलं असणार. रामकिसन म्हणाला, “मला म्हायती हाय. कापूस दिला व्हता मी.” आणि मग रिक्षावाल्याला, “चला.”

दुपारी लक्ष्मीनं शोकेस हलवलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मोठा बाजा आला, दाराची एक फळी काढून आत घ्यावा लागला, ख्वाजाभाईची दोन माणसं घामाघूम झाली आणि पुंजाराम म्हणाला, आता झोपायचं कुठं. मी कागद कापले, रामकिसन कापायचा तसे चौकोनी, आणि बसून अक्षरं काढली. माझं अक्षर अजून लहान पोरासारखं येतं, सा चा काना नेहमी तिरपा. लक्ष्मीनं खळ केली. डाव्या टोकापासून चिकटवत चिकटवत मी उजवीकडं गेलो, माझ्या हद्दीच्या पुढं गेलो, प, ध, नी. शेवटची पट्टी सा निघाली. तिच्यावर तिरप्या कान्याचा सा चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. चपला पडल्या. नव्या बाजाभोवती ढकलाढकली झाली, कुणी ठेका कुठंय म्हणालं, ठेका नाही म्हटल्यावर एकाचं तोंड उतरलं. दारात दोन आया थांबल्या होत्या, आत न येता, बाहेर न जाता. त्यातली एक कालची. मी पोरांना बसवलं आणि म्हणालो, “ह्या हितनं पुढच्या पट्ट्या मला ऐकू येत न्हायत. कंपनीत कान गेले. मी पट्टी दाबणार, तुम्ही ऐकायचं, आणि मला येईल अशा जागी आणून गाऊन दाखवायचं. चुकलं तर मला कळतंय.” पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं विचारलं, “म्हणजे तुम्ही आमचे विद्यार्थी का?” दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. मी शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं. कागद खाली गेला, सा खाली गेला. टक् झाली. पोरांची तोंडं वर झाली, सगळ्यांची एकदम, छतात काहीतरी चमकल्यासारखी. मग ‘स’ वाली पोरगी, जिला मी वर्षभर टोकत होतो, तिनं डोळे मिटले आणि तो सूर तिथून उचलून खाली आणला, एक सप्तक, आणखी एक, माझ्या पेटीच्या मापापर्यंत, आणि माझ्यासमोर ठेवला. सा. बरोबर जागेवर. दारातल्या आयांपैकी एक आत येऊन भिंतीला टेकून बसली. “काचेसारखा व्हता का?” मी पोरीला विचारलं. तिनं मान हलवली. “नाही, गुरुजी,” ती म्हणाली, “रातकिड्यासारखा.” मी म्हणालो, “पुन्हा म्हण,” आणि पट्टी दाबली.